मुलांच्या कोल्हापूर सहलीसाठी मदतीचे आवाहन

वडगावकर बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

वाचनालयाची सहल यंदा पुन्हा कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाला न्यायची ठरली आहे. बसभाडे अजून अर्धेही जमलेले नाही, म्हणून घाईने लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी असेच अडलो होतो. तेव्हा मागवाले आप्पा स्वतः आले, दिवाळीसाठी बाजूला काढलेले पैसे टेबलावर ठेवले आणि पावतीवर नाव घालू नका म्हणाले. गुरुजींनी आठवडाभर रोज संध्याकाळी मुलांना सातवाहनांचा काळ समजावून सांगितला. महिला मंडळाच्या काकूंनी पहाटे चारला उठून सगळ्यांच्या दशम्या आणि शेंगाचटणी बांधून दिली. हे ऋण फिटणारे नाही.

त्या दिवशी मुले एका कपाटापुढून हलेनात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झाले, त्यात मिळालेला ग्रीकांचा सागरदेव पोसायडन. काशाचा, वीतभरही नाही. त्रिशूळ कुठे गळून पडला, हात तेवढा उंचावलेला. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, हा घाट चढून आला कसा?" गुरुजींनी कोकणातली बंदरे, रोमशी चालणारा व्यापार, सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग ते व्यापारी आमच्या वडगावातपण आले असतील की!"

पोरीने बरोबर ओळखले. आपल्या बेळगावच्या वडगाव-माधवपूरमध्येही १९७०च्या दशकात उत्खनन होऊन सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. आपण त्याच मातीवर राहतो, आणि आपल्याच मुलांना ते कोल्हापुरात कळले.

गेल्या वर्षी मात्र सहल निघाली नाही. पत्रके घरोघर वाटली, गणपतीच्या मंडपात वाचून दाखवली. मदत आली तीन घरांतून. रोषणाईला वर्गणी कमी पडत नाही, मुलांच्या बसला पडते, याचे फार वाईट वाटले.

सहल डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी (सोमवारी संग्रहालय बंद), बस सकाळी ६ ला वाचनालयापासून, मुले ४८, शिक्षक ४, भाडे २४ हजार, जमा ९ हजार. रोख किंवा चेक वाचनालयात संध्याकाळी ६ ते ८, पावती लगेच. दशम्या देणाऱ्यांनी दोन दिवस आधी कळवावे. बसवाल्याला इसार द्यायचा आहे, तेव्हा रक्कम ५ तारखेच्या आत पोचवावी.

आपला,
चिटणीस