कोठडीतील कबुली म्हणजे गुन्ह्याची सिद्धता नव्हे

महोदय,

‘संशयिताने गुन्हा कबूल केला’ अशी बातमी आली की आपल्या गोव्यात तो माणूस त्याच दिवशी गावाच्या नजरेत दोषी ठरतो. कायदा तसे मानत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यातील तत्त्व १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्येही कायम आहे. मात्र कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य धरला जातो, आणि माझ्या मते जबरदस्तीला वाव मिळतो तो याच अपवादामुळे.

झोपू न देणे, मारहाण, घरच्यांना गोवण्याची धमकी, ‘सही कर, सोडतो’ हे आमिष, यांपुढे निरपराध माणूसही खचतो. परराज्यातून आलेल्या, कोकणी किंवा मराठी न समजणाऱ्या मजुराची अवस्था तर अधिकच बिकट असते.

डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्याच्या कोठड्या, व्हरांडे आणि अधिकाऱ्यांच्या खोल्यांत आवाजही टिपणारे कॅमेरे बसवून चित्रण अठरा महिने जपण्याचा आदेश दिला. राज्यातील कोणत्या ठाण्यात हे कॅमेरे आज चालू आहेत, याची ठाणेनिहाय माहिती गृह खात्याने जाहीर करावी. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तो आरोपीला त्याच्या भाषेत, पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच सांगितला जावा.

– एक वाचक, फोंडा