‘गजरा’ची मंडळी पुन्हा बोलवा, पण आधी फिती वाचवा

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले आणि विनायक चासकरांच्या ‘गजरा’ने छोट्या प्रहसनांची गोडी मराठी घरांना लावली. त्यातले जे कलावंत आज आपल्यात आहेत, त्यांना एकत्र बसवून ती प्रहसने पुन्हा पाहावीत आणि त्यांतल्या टोमण्यांवर त्यांना बोलते करावे, ही आमची मागणी आहे. मात्र नुसत्या आठवणींच्या गप्पांनी भागणार नाही. मूळ फीत समोर हवी.

बीबीसीवर गाजलेल्या ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी चमूची मंडळी जुलै 2014 मध्ये लंडनच्या ओटू सभागृहात दहा प्रयोगांसाठी जमली, तेव्हा 1989 मध्येच वारलेला ग्रॅहम चॅपमन जुन्या चित्रणातून पडद्यावर आला. त्याच बीबीसीने पीटर कुक आणि डडली मूर यांच्या मालिकेचे कित्येक भाग मात्र पुसून टाकले होते. आपल्याकडे 1989 चा ‘फ्लॉप शो’ करणारे जसपाल भट्टी आणि विवेक शौक दोघेही गेले. आज ते भेटतात ते चित्रण उरले म्हणूनच.

त्या काळच्या पाऊण इंची यू-मॅटिक चित्रफितीवर चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा चिकटथर दमट हवेतले पाणी शोषतो. अशी फीत यंत्रात घातली की किंचाळल्यासारखा आवाज येतो, यंत्राच्या फीत वाचणाऱ्या हेडवर तपकिरी भुकटी साचते आणि चित्र विरून जाते. तिथेच यंत्र थांबवावे. पुढे चालवली की थरच खरवडून निघतो. अशी फीत 50 ते 55 अंश सेल्सिअसला आठ तास किंवा जास्त शेकावी, सावकाश गार होऊ द्यावी आणि थोड्याच दिवसांत संगणकावर उतरवून घ्यावी. घरगुती ओव्हन नको, त्याचे तापमान वरखाली होते. बुरशी लागलेली फीत आधी वेगळी साफ करावी, नाहीतर त्याच यंत्रातून बुरशी पुढच्या फितीला लागते. उतरवताना टाइम बेस करेक्टर (चित्राच्या ओळींची वेळ जुळवणारे यंत्र) नसेल तर उभ्या रेषा लाटांसारख्या हलतात. दाबून लहान न केलेल्या 10 बिट चित्रणाला तासाला सुमारे 100 जीबी जागा लागते. मूळ प्रतीत चेहरे ‘सुधारू’ नयेत. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या शहरात.

मग कलावंतांना बोलवावे. प्रहसन अख्खे दाखवावे, मध्ये थांबवू नये. नंतर प्रत्येक टोमण्याचा संदर्भ विचारून नोंदवावा. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, हे आजच्या विशीतल्या मुलाला सांगितल्याशिवाय त्यावरच्या विनोदाची धार कळत नाही. हे सांगू शकणारी माणसे वयस्क आहेत, म्हणून ही घाई. लेखक हयात नसेल तिथे वारसांची लेखी संमती घ्यावी आणि मानधन द्यावे.

तूर्त एकच आदेश काढावा: वरळीच्या केंद्रात आणि दिल्लीच्या संग्रहात प्रहसनांच्या जेवढ्या फिती असतील त्यांची यादी करा, फितीचा क्रमांक, प्रकार, बुरशी आहे की नाही, आणि ती चालवणारे यंत्र सुरू आहे का.

आपले,
जुन्या चित्रफिती उतरवणारे तंत्रज्ञ