घारापुरीच्या वाटाड्या काकांना पुण्याहून आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लेणी अभ्यासगटाला तुम्ही दिवसभर बेट दाखवलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पुण्याहून जाणाऱ्या इतरांनाही तुमचं सांगणं कामी यावं म्हणून हे पत्र खुलंच लिहितोय.

लेणी सोमवारी बंद, हे तुम्ही आधीच बजावलंत. पुण्याहून सकाळी सहाच्या सुमाराची गाडी धरली तरी गेटवेला लाँचमध्ये बसायला साडेदहा होतात, वर पाण्यावर तासभर. चढ सुमारे 120 पायऱ्यांचा. पाण्याची बाटलीसुद्धा पिशवीतच ठेवायची, नाहीतर माकडं ओढतात.

सगळ्यात मोठे उपकार मुख्य लेण्यातले. शिरताच तुम्ही विजेरी बंद करायला लावलीत. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावले आणि दक्षिणेच्या भिंतीतला साडेपाच मीटरचा सदाशिव, म्हणजे तीन मुखांचा शिव, हळूहळू उलगडला. समोरून झोत टाकला की सावल्या पुसल्या जातात आणि शिल्प सपाट दिसतं. आपल्या डावीकडचं मुख अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप, हाती साप. उजवीकडचं वामदेव, म्हणजे सौम्य रूप, हाती कमळ. हा फरक बाजूने येणाऱ्या मंद उजेडातच कळतो. मग तुम्ही पूर्वेच्या अंगणातून परत आत नेलंत. तिथून शिवलिंगाचा गाभारा थेट समोर येतो. उत्तरेच्या दारातून शिरणाऱ्याला ही सरळ रेषा उमगत नाही, म्हणून ही फेरी चुकवू नये. काही खांब नंतर दुरुस्त केलेले आहेत. अखंड कातळातल्या खांबाला सांधा नसतो, ही ओळखण्याची खूण तुम्हीच दिलीत.

बहुतेक जण इथूनच धक्क्याकडे वळतात. पश्चिमेच्या टेकडीवर पाच लेणी, पण पूर्वेच्या टेकडीवर आणखी दोन आहेत आणि जवळच विटांच्या स्तूपाचे अवशेष. झाडोऱ्यात तो साधा उंचवटा वाटतो. वाट माहीत असलेला माणूस हवाच. शैव लेण्यांच्या बेटावर बौद्ध खूण पाहिल्याशिवाय घारापुरी पुरती कळत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं. त्यासाठी दोन तास राखून ठेवावेत, कारण संध्याकाळची शेवटची लाँच थांबत नाही.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ आहे, हेही तुम्ही आठवणीने सांगितलंत. पुढच्या फेरीत आधी तिथे जाणार आहोत. स्तूपाच्या विटांचे फोटो छापून पाठवतोय.

आपले कृतज्ञ,
पुण्यातला लेणी अभ्यासगट