तोंडी भागीदारी कागदावर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोसायटी म्हटलं की आपल्याला मेन्टेनन्स आणि पार्किंगची भांडणं आठवतात, पण ज्या लॅटिन 'सोसिएतास'वरून हा शब्द आला त्याचा रोमन कायद्यातला अर्थ होता भागीदारी, मिळून केलेला धंदा. (युरोपात अलियांझ, एअरबस अशा कंपन्या नावापुढे 'एसई', म्हणजे 'सोसिएतास युरोपेआ', लावतात, त्यातला 'एस' तोच.)

लिहायचं कारण म्हणजे वडोदऱ्यात मांडवीजवळचं एक फरसाणचं दुकान. एका काकांनी पैसा घातला, दुसरे पहाटेपासून कढईपाशी, शेव-पापडी सगळी त्यांच्या हातची, रात्री दोघं मिळून गल्ला मोजायचे आणि निम्मे निम्मे घ्यायचे, लिहिलेलं काही नाही. पैसेवाले काका गेले आणि आता मुलगा म्हणतोय, हे तर आमच्याकडे कामाला होते! खूप वाईट वाटलं.

मेहनतीची किंमत काय यावर रोमन कायदेपंडितांनी इसवी सनाच्या आधीच वाद घातलाय. क्विंटस म्युसियसचं म्हणणं होतं की नफ्यात जास्त आणि तोट्यात कमी वाटा अशी भागीदारी होऊच शकत नाही. सर्वियस सल्पिसियसने ते खोडून काढलं, एखाद्याचं काम इतकं मोलाचं असतं की त्याला नफ्यात वाटा आणि तोटा अजिबात नाही असंही ठरवता येतं, आणि त्याचंच मत टिकलं. एकाला सगळा नफा नि दुसऱ्याला नुसता तोटा हा करार मात्र रद्द, त्याला सिंहाची भागीदारी म्हणायचे, इसापच्या गोष्टीतल्या सिंहावरून. शिवाय भागीदाराला फसवल्याचा निकाल लागला की 'इन्फामिया', म्हणजे कायद्याने बेअब्रू. मला हे फार योग्य वाटतं.

आपल्या १९३२च्या भागीदारी कायद्यातही वाट्याचे नियम आहेत. काही ठरलं नसेल तर नफा-तोटा सारखा (कलम १३), आणि वेगळं ठरलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म संपली (कलम ४२). तोंडी भागीदारीही चालते. पण नुसता नफा वाटून घेतला म्हणजे भागीदार असं कलम ६ धरत नाही, त्यामुळे ते कढईवाले काका आता साक्षीदार शोधत फिरतायत. रजिस्टर न केलेल्या फर्मच्या भागीदारालाही फर्म संपल्यावर हिशेबाचा दावा लावता येतो, पण आधी भागीदार होतो हे सिद्ध करायला हवं ना!

याच वडोदऱ्यात १८८९ साली भाऊसाहेब कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी काढली, देशातली पहिली सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतात. त्याच गावात लोक अजून "आपल्यात कागद कशाला" म्हणतात आणि त्यात नेहमी मेहनत घालणाराच भरडला जातो. आपल्या पेपरने एखाद्या वकिलाकडून सोप्या मराठीत भागीदारी कराराचा नमुना लिहून घेऊन छापावा ही कळकळीची विनंती. कोणाचे पैसे, कोणाचं काम, वाटा किती आणि एक जण गेला तर दुकान कोणी चालवायचं, एवढं तरी त्यात असू द्या.

आपली एक वाचक,
रावपुरा, वडोदरा