आठ महिने आणि अकरा पेट्या: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत माझं तीन सीएनसी मशिनींचं वर्कशॉप आहे. वेळात वेळ काढून वाचावं, ही विनंती. नाही वाचलंत तरी चालेल, सवय आहे.

परवा युरोपातल्या ग्राहकाचा दोन ओळींचा मेल आला. ऑर्डर रद्द. आठ महिने थांबला बिचारा. माल काय, तर तळहातावर मावेल अशी स्टीलची रिंग. स्फोटकाचा कण नाही तिच्यात. पण लष्करी गाडीत बसते, म्हणून स्कोमेट यादीचा (निर्यातीवर सरकारी नियंत्रण असलेल्या मालाची यादी) सहावा, लष्करी मालाचा प्रवर्ग, म्हणून निर्यातीला परवाना. तोच आठ महिन्यांत मिळाला नाही.

यादी नको असं मी म्हणत नाही. माल भलत्याच्या हाती पडू नये, हे मलाही कळतं. 2017 साली भारत वासेनार व्यवस्थेत, म्हणजे शस्त्रं अन् तसल्या मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटात, गेला तेव्हा बरंच वाटलं होतं. पण सगळ्या शंका एकदम विचारायला काय जातं हो? आधी परवाना कार्यालय म्हणे, अंतिम वापरकर्त्याचं (माल शेवटी कोण वापरणार त्याचं) प्रमाणपत्र नीट नाही. ते नव्यानं आणलं, तर सात आठवड्यांनी ड्रॉइंगवरची सही पुसट. तिसरी शंका आली तोवर प्रमाणपत्राचीच मुदत संपली! फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. गेल्या हिवाळ्यात इथल्याच सभेत आपण व्यासपीठावरून सांगितलं होतं, 'महिन्याभरात परवाना.' टाळ्या मीही वाजवल्या.

तेल लावून गुंडाळलेल्या रिंगांच्या अकरा पेट्या शेडमध्ये पडून आहेत. पोरं त्यांच्यावर बसून डबा खातात. पावसाळ्यात एक उघडली, तर कडांना तांबूस गंज. मशिनीचे हप्ते थकले. बायकोच्या पाटल्या गहाण आहेत. दिल्लीला कळवायचं कारण नाही, तरी कळवतो.

2024-25 मध्ये 23,622 कोटींची संरक्षण निर्यात झाली, 2029 पर्यंत 50,000 कोटी करायची आहे. त्यात आमच्यासारख्यांचा वाटा शेकडा एक तरी असेल का? बड्या कंपन्यांची माणसं फायलीमागे दिल्लीत बसलेली असतात. माझा माणूस मीच, तेलंगणा एक्सप्रेसच्या स्लीपरमध्ये. विनापरवाना माल पाठवला तर 1992 च्या कायद्यानं मालाच्या पाचपटीपर्यंत दंड. उशीर करणाऱ्याला किती पट? विदर्भाला हे नवीन नाही म्हणा. दर डिसेंबरात अधिवेशन भरतं, मोर्चे पोलीस अडवतात अन् सरकार मुंबईला परत जातं.

शंका एकदाच, लेखी विचाराव्यात आणि फाईल कोणाच्या टेबलावर आहे ते कळावं, एवढंच मागतो. भंगारवाल्यानं रिंगांना किलोला तीस रुपये सांगितलेत. त्यालाही परवाना लागत असेल तर तसं कळवावं.

आपला,
हिंगण्याचा एक वर्कशॉपवाला