काउंटरच्या अलीकडचा माणूस: ई-प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. ई-प्रशासन मंत्री,
कर्नाटक सरकार, विधानसौध, बेंगळुरू

महोदय,

सरकारी पोर्टल बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच माणूस असतो: स्वतःच्या मोबाईलवर स्वतःचा अर्ज भरणारा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी किंवा अथणीकडच्या सेवा केंद्रात माणसे दोन असतात. स्क्रीनपुढे ऑपरेटर आणि काउंटरच्या अलीकडे अर्जदार. ऑपरेटर कन्नडमध्ये वाचतो, मराठीत विचारतो आणि इंग्रजीत टाईप करतो. चूक होते ती या उड्यांमध्ये, आणि कळते अर्ज परत आल्यावर. हे पत्र भाषावादाचे नाही, स्क्रीनच्या आखणीचे आहे.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावावर. 'ज्ञानेश्वर' घ्या. मराठी उच्चाराप्रमाणे आधारवर ते डी-एन-वाय असे सुरू होते. कन्नडवरून रोमनमध्ये नेले की जे-एन. माणूस एकच, पण संगणकाला दोन दिसतात. 'लक्ष्मी'त कुणी एक्स लिहितो, कुणी के-एस-एच. रेशन कार्डावर 'सुमनबाई', बँकेत नुसती 'सुमन'. याहून वाईट म्हणजे रोमनमधून आपोआप होणारे कन्नड लिप्यंतर. रोमनमध्ये ल आणि ळ यांना एकच अक्षर, न आणि ण यांनाही एकच. त्यामुळे 'काळे'चे 'काले' होतात आणि तेच प्रमाणपत्रावर छापून येते.

वास्तविक कन्नडमध्ये ळ आहे, ण आहे. संगणक अक्षरे ज्या संकेतांनी साठवतो त्या युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरांची मांडणी समांतर आहे, कारण दोन्ही 'इस्की' या भारतीय मानकावरून घेतली. देवनागरीतले नाव थेट कन्नडमध्ये नेणे रोमनमार्गे नेण्यापेक्षा सोपे आणि बिनचूक आहे. म्हणून नावाचा रकाना देवनागरीतही भरू द्यावा आणि तिथूनच कन्नड रूप तयार करावे. 'कऱ्हाडकर'मधला ऱ रकान्याने नाकारू नये, एवढी तपासणी मात्र आधी करून घ्यावी.

जुळवणीचा नियमही बदलावा. अक्षरे जुळली नाहीत की अर्ज थेट नाकारायचा, हे चूक. नाव उच्चारावरून तपासा. जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव जुळत असेल तर दोन्ही रूपे शेजारी दाखवून ऑपरेटरला विचारा, 'ही एकच व्यक्ती आहे का?' स्टॅम्प पेपरवरचे प्रतिज्ञापत्र त्यानंतरही शंका राहिली तरच मागावे. त्या कागदापायी माणसाचा दिवसाचा रोजगार बुडतो.

गावाच्या नावाचेही तेच. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारनेच बेळगाव शहराचे इंग्रजी नाव बेळगावी केले. त्याआधीच्या दाखल्यांवर 'बेलगाम' असणारच! दोन्ही नावे एकच मानणारी यादी पोर्टलच्या पोटात असावी. बदल सरकारने केला, तर त्याचा हिशेब अर्जदाराकडे मागू नये.

आता एसएमएस. इंग्रजी अक्षरांतल्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात. कन्नड किंवा देवनागरीत फक्त ७०, आणि जोडाक्षराचा प्रत्येक भाग व काना-मात्राही वेगळी मोजली जाते. त्याहून लांब संदेशाचे ६७-६७ अक्षरांचे तुकडे पडतात, आणि एखादा तुकडा उशिरा आला की 'आपला अर्ज' एवढेच कळते, पुढे काय झाले ते नाही. म्हणून अर्ज क्रमांक आणि करायची गोष्ट पहिल्या ७० अक्षरांत बसवावी. आभार, योजनेचे पूर्ण नाव, मंत्र्यांचे नाव (क्षमा असावी) त्यानंतर.

ओटीपीचा घोळ निराळा. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात रेंज गेली की ओटीपी उशिरा येतो. तोवर ऑपरेटरने 'पुन्हा पाठवा' दाबलेले असते. मग पहिला ओटीपी येतो, तो टाकला की 'चुकीचा क्रमांक', कारण नवा निघताच पोर्टलने जुना रद्द केलेला असतो. पोर्टलचा स्वतःचा ओटीपी असेल तिथे १० मिनिटांत पाठवलेला कोणताही चालू द्यावा आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा ठेवावी. दुसरे, मोबाईल बऱ्याचदा मुलाकडे असतो आणि मुलगा कामावर. अर्धा भरलेला अर्ज निदान आठवडाभर जपून ठेवला तर सगळे पुन्हा टाईप करावे लागत नाही.

जमिनीचा उतारा काढताना सर्व्हे नंबरनंतर 'सरनोक' (त्याला जोडलेले उपचिन्ह) विचारतात. तिथे बहुतेक वेळा नुसती एक चांदणी (*) असते. नवखा माणूस तिथेच थबकतो. यादीत एकच पर्याय असेल तर तो स्क्रीनने स्वतः निवडावा. आकडे १२३ असे देवनागरीत आले किंवा कन्नडमध्ये, तरी घ्यावेत. इंटरनेटचे नियम लिहिताना जॉन पोस्टेल यांनी १९८० सालीच सांगितले होते: पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार.

सीमेपलीकडून आलेल्या सुनांचे कागद कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. चंदगड किंवा गडहिंग्लजची मुलगी दहावी झालेली असते कोल्हापूर विभागीय मंडळातून. तिच्या बैठक क्रमांकात अक्षर असते आणि रकाना फक्त आकडे घेतो. जन्मठिकाणाच्या यादीत महाराष्ट्राचे तालुके नसतात.

फोटोंबद्दल थोडक्यात: मोबाईलचा फोटो ३-४ एमबीचा आणि मर्यादा काहीशे केबींची. ए-फोर कागद १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) १२४० बाय १७५४ पिक्सेल होतो, तेवढ्यात तो वाचता येतो. आकार ब्राउझरनेच कमी करावा.

आणि 'सबमिट'च्या आधी एक छापील पान. डावीकडे कन्नड, उजवीकडे मराठी, मोठ्या टाइपात. अनुवाद लागतो तो रकान्यांच्या नावांचा, तोही एकदाच. अर्जदाराने ते वाचावे किंवा ऑपरेटरने मोठ्याने वाचून दाखवावे, मगच बटण दाबावे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत तक्रार-निवेदन देण्याचा हक्क घटनेच्या अनुच्छेद ३५० मध्ये आहेच; इथे तर आम्ही अर्ज कन्नडमध्येच पाठवायला तयार आहोत, फक्त आत काय लिहिले ते आधी कळावे.

पुढचे पोर्टल बेंगळुरूत तयार होण्याआधी त्याची कागदावर काढलेली स्क्रीन घेऊन दोन माणसे बाजाराच्या दिवशी इथल्या केंद्रात बसवावीत. पाच ऑपरेटर आणि पाच अर्जदार पुरेत. त्यांना काही शिकवू नये. कुठल्या रकान्यावर बोट थांबते आणि ऑपरेटर शेजाऱ्याला काय विचारतो, तेवढे टिपावे. चाचणीची नावे आम्हीच देतो: ज्ञानेश्वर विठ्ठल काळे, लक्ष्मीबाई कऱ्हाडकर, सुमन ऊर्फ सुमनबाई पाटील, जन्मगाव चंदगड, पत्ता जुना बेलगाम.

आपले,
बेळगाव सीमाभागात सरकारी अर्ज भरणारे आणि स्क्रीन आखणारे काही जण