रविवारच्या फोटोंचा हिशोब

लीड्स,
फेब्रुवारी, रविवार रात्र

ती. आप्पा व आई यांस शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. चिऊचा खोकला गेला, बंटू शाळेत जाताना आता रडत नाही, माझी ड्युटी तशीच चालू. जिजीला सांगा, बठ्ठं बेस शे. हे फोनवरही सांगून झालंय, पण फोनवर पैशाचा विषय निघाला की आई "बरं बरं, तुमचं तुम्हाला कळतं" म्हणते आणि फोन जिजीच्या हातात देते. म्हणून कागदावर लिहिते. कागद आप्पा चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात.

तर विषय दर रविवारच्या फोटोंचा. कधी हत्ती, कधी रेल्वेचं इंजिन, कधी वाघ. ते बघून काकू काय म्हणाल्या ते सोनूने मला सांगितलं: "पोरीचं बरं आहे, घरात लग्न तोंडावर आणि हिची दर आठवड्याला सहल." आई, त्या फोटोंतल्या बहुतेक जागांना तिकीटच नाही. इंग्लंडमधली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं 2001 च्या डिसेंबरपासून सगळ्यांना फुकट आहेत. इथले असोत की आपल्यासारखे बाहेरून आलेले, दारात कुणी काही विचारत नाही. खर्च होतो तो बसचा, आणि लहान पोरांमुळे तोही फार नाही.

आणि हिवाळ्यात इथे दुसरं करायचं तरी काय? डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो. बाहेर पाऊस आणि घरात दोन पोरं, तेही आपल्या चाळीसगावच्या ओट्याएवढ्या हॉलमध्ये. संग्रहालयात ऊब असते, संडास स्वच्छ असतो, पोरं पळाली तरी कुणी खेकसत नाही. घरातला हीटर तेवढा वेळ बंद राहतो हाही एक फायदा. म्हणजे तसं काही नाही, हीटर आम्ही लावतोच, कुडकुडत बसत नाही. पण घरात कुणी नसताना गॅस कशाला जाळायचा?

तुम्ही विचारलेला हत्ती लीड्समधलाच. रॉयल आर्मरीज म्हणून शस्त्रास्त्रांचं संग्रहालय आहे, 1996 साली उघडलेलं. हत्तीचा पुतळा आहे, पण त्याच्या अंगावरचं चिलखत खरं आहे आणि ते आपल्याकडचं. मद्रासच्या गव्हर्नराच्या बायकोने, म्हणजे त्या प्लासीवाल्या क्लाइव्हच्या सुनेने, ते इकडे आणलं. पोलादाचे पत्रे कड्यांनी एकमेकांत ओवलेत. काही गळून गेले, तरी आज 5,840 शिल्लक आहेत आणि वजन 118 किलो. चिऊने पत्रे मोजायला घेतले आणि कानापर्यंत येऊन कंटाळली. बंटूला एकच प्रश्न पडला होता, की आत खाज सुटली तर हत्ती काय करणार. त्याचं उत्तर तिथल्या माणसालाही देता आलं नाही. वाघ सिटी म्युझियममधला, तेही फुकट. 1860 साली डेहराडूनच्या बाजूला मारलेला. आधी त्याचं कातडं जमिनीवर अंथरायला होतं, मागून त्यात पेंढा भरला, म्हणून त्याचं तोंड असं बावळट दिसतं. फोटोत आई म्हणाली तसा तो आजारी नव्हता.

आप्पा, यॉर्कचं रेल्वे म्युझियम मात्र तुम्हाला दाखवल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडणार नाही. 1975 पासूनचं आहे, स्टेशनाच्या पाठीमागेच, लीड्सहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. गाडीचं तिकीट लागतं, पण आम्ही फॅमिली कार्ड काढलंय, त्यावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि पोरांना 60 टक्के सूट. तुमच्या रेल्वेच्या पासासारखी मजा नाही, पण चालतं. आत मधोमध टर्नटेबल, आणि त्याच्याभोवती इंजिनं मांडलेली. मॅलार्ड नावाचं निळं इंजिन आहे, 1938 मध्ये ते ताशी 126 मैल, म्हणजे 200 किलोमीटरच्या वर पळालं. वाफेच्या इंजिनात त्याच्यापुढे अजून कुणी गेलेलं नाही. जपानच्या बुलेट ट्रेनचा एक डबाही आहे, त्यात बसू देतात. बंटू त्यातून उतरेचना.

पण तुमच्यासाठीचं इंजिन वेगळं. एलरमन लाइन्स नाव आहे त्याचं. भलंमोठं, आणि एका बाजूने चक्क कापून उघडं केलेलं. फायरबॉक्स, बॉयलरच्या नळ्या, सिलिंडर, पिस्टन, वाफ कुठून निघून कुठे जाते ते सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं. भुसावळच्या शेडमधून घरी आल्यावर तुम्ही जेवताना ताटातल्या भातात बोटाने नळ्या काढून दाखवायचात आणि आई ओरडायची, ते सगळं मला तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. तिथे रिटायर झालेले लोक हौसेने, बिनपगारी माहिती सांगायला उभे असतात. एका आजोबांना चिऊ म्हणाली, माझे आजोबा हे रिपेअर करायचे. मग ते मला सोडेचनात. कुठलं शेड, कुठली लाइन. मी भुसावळ म्हटलं, जीआयपी म्हटलं, म्हणजे आपली जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. त्यांना जीआयपी माहीत होती! शेजारी चीनसाठी बनवलेलं एक राक्षसी इंजिन आहे, 1935 चं, व्हल्कन फाउंड्रीच्या कारखान्यातलं. ते म्हणाले, मुंबई-ठाणे पहिली गाडी 1853 ला निघाली, तिची इंजिनंही ह्याच कारखान्यातली. तुम्हाला हे माहीत असेलच. मला नव्हतं. तुम्ही असतात तर दोघं संध्याकाळपर्यंत बोलत बसला असतात, भाषा येवो न येवो.

खाण्याचं विचारलंत. तिथल्या कॅन्टीनमध्ये आम्ही खात नाही, चहासुद्धा थर्मासमधून नेतो. डबा खायला जागा असते. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेते. चटणीचा डबा उघडला की शेजारचं कुटुंब एकदा वळून बघतं आणि पुन्हा आपलं थंड सँडविच चावायला लागतं. मला त्यांचीच दया येते.

आता इथली एक तऱ्हा सांगते, ती मला अजून पचलेली नाही. जागा फुकट, तरी बऱ्याच ठिकाणी घरूनच ऑनलाइन तिकीट काढून यायला सांगतात. तिकिटावर किंमत शून्य. दारातला पोरगा ते शून्याचं तिकीट मशीनने तपासतो, आभार मानतो आणि शेजारच्या देणगीच्या पेटीकडे हसून बघतो. टाका, नका टाकू, कुणी धरत नाही. टाकलेच तर विचारतो, तुम्ही इथे कर भरता का? मला आधी वाटलं व्हिसा तपासायला लागले. तर ते असं आहे: मी एक पौंड देणगी दिली आणि नाव-पत्ता लिहून सांगितलं की मी इथे इन्कम टॅक्स भरते, की सरकार त्या पौंडावर आणखी 25 पेन्स संस्थेला देतं. माझ्याकडून जास्तीचं काही जात नाही, मी आधीच भरलेल्या करातलेच ते. आपल्याकडे देणगीची पावती घेऊन करातली सवलत देणगीदार घेतो, इथे ती संस्थेच्या पेटीत जाते. पण तिकीट ही काही देणगी नव्हे. म्हणून जिथे तिकीट आहे तिथल्या संस्थांना हे सरकारी पैसे हवे असतील तर नियम असा, की एकतर गिऱ्हाइकाने तिकिटावर निदान 10 टक्के जास्त द्यावे, नाहीतर त्याच तिकिटावर त्याला वर्षभर येऊ द्यावं. त्यामुळे इथे कितीतरी ठिकाणी तिकीट एकदा काढलं की वर्षभर चालतं! सरकारचे पैसे मिळावेत म्हणून ते आपल्याला पुन्हा पुन्हा या म्हणतात. यात नक्की कोण कोणाला देतं हे तुमच्या जावयांनी मला दोनदा कागदावर काढून दाखवलंय. आम्ही पेटीत काय टाकतो ते विचारू नका. चिऊच्या हातून टाकतो, नाणं असतं.

एक सांगू का, हे सगळं बघताना मला आपलीच लाज वाटते. कलामहर्षी केकी मूस यांचं घर स्टेशनापासून दोन पावलांवर, आणि चाळीसगावात वाढून मी ते शाळेच्या सहलीपलीकडे पाहिलेलं नाही. इंग्लंडात फोटोग्राफी शिकलेला माणूस आपल्या गावात येऊन राहिला, पुढे वर्षानुवर्षं घराबाहेर पडला नाही, आणि टेबलावर मांडामांड करून त्याने बर्फ, डोंगर, देखावे उभे करून फोटो काढले. लोकांना फक्त पंजाब मेलने येणाऱ्या एका बाईची तो वाट बघत राहिला ही गोष्ट ठाऊक. लग्नाचे पाहुणे दुपारी नुसते लोळत पडतात, त्यांना तिकडे घेऊन जा. धुळ्याच्या गाडीने गेलात तर राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे, जुन्या पोथ्या आहेत. आणि जळगावला जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ 2012 मध्ये उघडलं, आई अजून तिकडे गेलेली नाही. गुडघ्याचं निमित्त सांगू नका, आत सावली आहे, उन्हात फिरायचं नाही.

आता लग्नाचं. मुलगी मला फोनवर फार आवडली, तिला सांगा. तारीख आखाजीच्या पुढची धरलीत ते बरोबरच आहे, मुहूर्त आपल्या हातात नसतो. पण इथली ईस्टरची सुट्टी तोवर संपते, आणि शाळा चालू असताना पोरांना नेलं की दंड आहे. एका पोरामागे आई-बाप दोघांना प्रत्येकी 80 पौंड, तेही 21 दिवसांत भरले तर, नाहीतर दुप्पट. आमचे 320 होतात. वर चौघांची विमानाची तिकिटं. म्हणून मी एकटी येते. रजा मंजूर झाली आहे. जावई आणि पोरं दिवाळीला येतील, तेव्हा नव्या वहिनीच्या हातचे मांडे खातील. जिजीला हे एकदम सांगू नका. मी आले की मीच सांगेन, ती मला रागावेल, तुम्हाला नको.

जावयांचं विचारलंत म्हणून. गोडाऊनमधलं काम आहे, फक्त जानेवारीपासून शिफ्ट थोड्या कमी दिल्यात. सगळ्यांनाच कमी दिल्यात, त्यांना एकट्याला नाही. त्यामुळे पोरांना सोडायला-आणायला ते घरी असतात, माझी ओढाताण वाचते. काळजीचं काही नाही. मंगल कार्यालयाचे मी म्हटले होते तेवढे पैसे आता पूर्ण होणार नाहीत, अर्धे मंगळवारी टाकते. उरलेले जूनमध्ये. कार्यालयवाल्याला सोनूने समजावून सांगावं, तो त्याच्या वर्गातला आहे ना?

आईने सराफाकडे जायचं नाव काढू नये. मला कळलंय. पाटल्या मोडायच्या नाहीत, माझ्या हिश्शाची उणीव भरायला तर मुळीच नाहीत. आप्पा, तुम्ही त्यांची पावती कपाटातून काढून स्वतःकडे ठेवा.

आणि सोनूला सांगा, करवलीची साडी त्या अर्ध्या पैशांतून वळती करायची नाही. तो मान आहे, वेगळा घ्यावा लागेल. मी हिरवी घेणार.

तुमची,
ताई